टॉवेल रेडिएटरच्या नळजोडणीतील सामान्य चुका

टॉवेल रेडिएटर किंवा तापती टॉवेलदांडी हे स्नानगृहाच्या भिंतीवर बसवले जाणारे, टॉवेल वाळवणारे आणि खोलीला ऊब देणारे उपकरण आहे. दोन उभ्या पोकळ नळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या अनेक आडव्या नळ्या अशी त्याची शिडीसारखी रचना असते. ब्रिटन, आयर्लंड, युरोप खंडातील थंड हवामानाचे अनेक देश आणि रशिया येथील घरांत हे उपकरण सर्रास आढळते. नळ्यांमधून गरम पाणी फिरवून, आतील विद्युत तापकाने किंवा या दोन्ही मार्गांनी ते तापवले जाते.

दिसायला साधे असलेले हे उपकरण नळकाम, उष्णतेचे गणित, धातूंचे गंजणे आणि विद्युत सुरक्षा या चारही विषयांशी संबंधित आहे. त्यामुळे जोडणीतील चुकांचे परिणाम निरनिराळे दिसतात. काही चुकांमुळे खोली थंड राहते, काहींमुळे काही महिन्यांतच उपकरण गंजून गळू लागते, तर काही चुका जिवावर बेतू शकतात. या लेखात मुख्यतः ब्रिटनमधील पद्धतीनुसार होणाऱ्या चुका, त्यांची कारणे आणि त्या टाळण्याचे उपाय दिले आहेत. रशियातील निवासी इमारतींमधील जोडणी वेगळ्या तत्त्वावर चालत असल्याने तिचा स्वतंत्र विचार केला आहे.

== प्रकार ==

ऊर्जेच्या स्रोतानुसार टॉवेल रेडिएटरचे तीन प्रकार होतात.

* जलतापित: घराच्या मध्यवर्ती तापनव्यवस्थेतील पाणी यातून फिरते. बॉयलर चालू असेल तेव्हाच ते तापते.
* विद्युततापित: आतील द्रव किंवा कोरडी तार विजेने तापते. पाण्याच्या पाईपांशी त्याचा संबंध नसतो.
* दुहेरी ऊर्जेचे: हिवाळ्यात मध्यवर्ती तापनव्यवस्थेचे पाणी आणि उन्हाळ्यात, म्हणजे बॉयलरकडून घर तापवणे बंद असताना, विद्युत तापक अशी दोन्ही सोय यात असते.

पाण्याच्या मंडलानुसार बंद मंडल आणि खुले मंडल असा दुसरा भेद केला जातो. बंद मंडलात तेच पाणी वर्षानुवर्षे फिरत राहते. खुल्या मंडलात नळाला येणारे वापराचे गरम पाणीच उपकरणातून जाते आणि ते सतत बदलत असते. जोडणीतील सर्वांत महाग चुका हा भेद न ओळखल्यामुळे होतात.

== क्षमतेच्या निवडीतील चुका ==

रेडिएटरची उष्णता देण्याची क्षमता वॅटमध्ये सांगितली जाते. ब्रिटनमधील बाजारात बीटीयू प्रतितास हे जुने एककही चालते. १ वॅट म्हणजे सुमारे ३.४१ बीटीयू प्रतितास. ईएन ४४२ या युरोपीय मानकानुसार ही क्षमता मोजताना रेडिएटरमध्ये येणारे पाणी ७५ अंश सेल्सिअस, परत जाणारे ६५ अंश आणि खोलीचे तापमान २० अंश धरले जाते. पाण्याचे सरासरी तापमान ७० अंश आणि खोलीचे २० अंश, म्हणजे फरक ५० अंशांचा होतो.

पहिली चूक म्हणजे छापील आकडा प्रत्येक घरात तसाच मिळेल असे मानणे. तापमानातील फरक कमी झाला की क्षमता त्याहून अधिक वेगाने घटते. ती साधारणपणे फरकाच्या १.३ व्या घाताच्या प्रमाणात बदलते. ५० अंश फरकाला ४०० वॅट देणारे उपकरण ३० अंश फरकाला सुमारे २०५ वॅटच देते. उष्णता पंपावर चालणाऱ्या घरात पाणी ४५ अंशांनी येऊन ४० अंशांनी परत जात असेल आणि स्नानगृह २२ अंशांवर ठेवायचे असेल, तर फरक जेमतेम २०.५ अंशांचा उरतो. अशा वेळी तेच उपकरण सुमारे १२५ वॅट देते. काही विक्रेते ६० अंश फरकाची क्षमता छापतात. तो आकडा ५० अंशांच्या आकड्यापेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी मोठा असतो, म्हणून दोन उपकरणांची तुलना करण्यापूर्वी आकडा कोणत्या फरकाचा आहे हे पाहणे आवश्यक असते.

दुसरी चूक पृष्ठभागाच्या निवडीत होते. चकचकीत क्रोमचा मुलामा उष्णतेचे प्रारण कमी करतो. त्यामुळे त्याच मापाचे क्रोमचे उपकरण पांढऱ्या रंगाच्या उपकरणापेक्षा लक्षणीय कमी उष्णता देते. तिसरी चूक म्हणजे टॉवेलांचा विचार न करणे. नळ्यांवर जाड ओले टॉवेल टाकले की खोलीच्या हवेला मिळणारी उष्णता घटते. बाहेरच्या दोन भिंती आणि मोठी खिडकी असलेल्या स्नानगृहात केवळ टॉवेल रेडिएटरवर विसंबल्यास खोली पुरेशी तापत नाही, हवेतील बाष्प गार भिंतींवर जमते आणि बुरशी वाढते. म्हणून आधी खोलीची उष्णतेची गरज काढावी व नंतर उपकरण निवडावे, असा क्रम योग्य ठरतो.

== चुकीच्या मंडलाला जोडणे ==

बहुतेक स्वस्त टॉवेल रेडिएटर साध्या पोलादाचे असतात. क्रोमचा मुलामा बाहेरून असतो; आत उघडे पोलादच राहते. असे उपकरण फक्त बंद मंडलासाठी योग्य असते. बंद मंडलातील पाण्यात विरघळलेला प्राणवायू सुरुवातीच्या काळात धातूशी संयोग पावून संपतो आणि त्यानंतर गंजण्याचा वेग मंदावतो. खुल्या मंडलात मात्र प्रत्येक वेळी नळ उघडला की प्राणवायूयुक्त ताजे पाणी आत येते. अशा मंडलाला साध्या पोलादाचे उपकरण जोडल्यास गंजण्याची क्रिया थांबतच नाही. नळाला तांबूस पाणी येणे हे त्याचे पहिले लक्षण असते. पुढे जोडाच्या ठिकाणी सूक्ष्म छिद्रे पडून गळती सुरू होते.

खुल्या मंडलासाठी पितळ, तांबे किंवा योग्य प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरावे लागते. इंग्लंड व वेल्समध्ये वापराच्या पाण्याला लागणाऱ्या जोडण्यांवर १९९९ चे पाणीपुरवठा जोडणीविषयक नियम लागू आहेत. पाणी दूषित करणाऱ्या किंवा वाया घालवणाऱ्या जोडणीस त्यांत मनाई आहे.

खुल्या मंडलातील आणखी एक धोका जीवाणूंचा आहे. उपकरण काढून टाकल्यानंतर त्याच्या पाईपांची तोंडे टोपीने बंद करून लांब तुकडे तसेच सोडले, तर त्यांत पाणी साचून राहते. सुमारे २० ते ४५ अंश तापमानाच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला जीवाणू वाढू शकतात. म्हणून न वापरले जाणारे पाईप मुख्य पाईपापासूनच कापून काढतात.

बंद मंडलातही गंजण्याचा धोका पूर्ण टळत नाही. पाण्यात गंजरोधक द्रव नसल्यास आतून काळा गाळ तयार होतो. हा गाळ म्हणजे मॅग्नेटाइट हे लोखंडाचे ऑक्साइड असून तो पंप आणि बॉयलरमधील अरुंद मार्ग तुंबवतो. नवीन रेडिएटर बसवण्यासाठी मंडल रिकामे केले जाते, तेव्हा जुना गंजरोधक द्रवही पाण्याबरोबर निघून जातो. तो पुन्हा न घालणे ही अत्यंत सामान्य चूक आहे. मंडल धुणे, गंजरोधक घालणे आणि गाळणी बसवणे यांविषयीची पद्धत ब्रिटनमध्ये बीएस ७५९३ या संहितेत दिली आहे. प्राणवायू रोखणारा थर नसलेले प्लॅस्टिकचे पाईप वापरल्यास त्यांच्या भिंतींतून हवा झिरपत राहते आणि गंजरोधकाचा परिणाम लवकर संपतो.

जमिनीखालील तापनाच्या मंडलाला टॉवेल रेडिएटर जोडणे हीदेखील मंडलाच्या निवडीतील चूक आहे. त्या मंडलातील पाणी मुद्दाम कोमट ठेवलेले असते. त्यामुळे जोडणी निर्दोष असूनही टॉवेल वाळत नाहीत.

== पाईप व सांध्यांतील चुका ==

=== मापाच्या चुका ===

स्नानगृहाचे काम सुरू असताना पाईप बहुधा फरश्या बसवण्यापूर्वी टाकले जातात. उपकरणाची रुंदी ५०० मिलिमीटर म्हणून पाईपही तेवढ्याच अंतरावर काढणे ही नेहमीची चूक होय. दोन जोडछिद्रांच्या मध्यांतील अंतर एकूण रुंदीपेक्षा कमी असते. शिवाय झडपेचा प्रकार सरळ आहे की काटकोनी, यावर पाईप कोठे यायला हवा हे ठरते. फरशी आणि तिच्याखालील चिकटद्रव्य यांच्या जाडीमुळे भिंतीचा पृष्ठभाग पुढे सरकतो. ती जाडी न धरल्यास पाईप आणि झडप एका रेषेत येत नाहीत. पाईप वाकवून किंवा ओढून जुळवल्यास सांध्यावर कायमचा ताण राहतो आणि काही काळाने तो पाझरू लागतो. प्रत्यक्ष उपकरण व झडपा हाती आल्यावर, त्या जोडून, भिंतीवर खुणा करूनच पाईप पक्के करणे हा यावरील उपाय आहे.

ब्रिटनमध्ये पाईपांची मेट्रिक मापे १९७० च्या दशकात रूढ झाली. त्यापूर्वीच्या घरांत इंची मापाचे तांब्याचे पाईप आढळतात. अर्धा इंची पाईपावर १५ मिलिमीटरचा दाबसांधा बसू शकतो. पाऊण इंची पाईपासाठी २२ मिलिमीटरच्या सांध्यातील कडे मात्र बदलावे लागते. डाग देऊन करायच्या सांध्यांना दोन्ही मापांत स्वतंत्र जोडतुकडा लागतो, कारण तेथे फट अत्यंत कमी असावी लागते.

=== दाबसांधे ===

दाबसांध्यात नटाखालील पितळी कडे पाईपावर आवळले जाऊन पाणी अडते. नट फार घट्ट पिळल्यास पाईप चेपतो व कडे वेडेवाकडे होते. गळती थांबवण्यासाठी आणखी पिळत गेल्याने ती वाढते. टेफ्लॉन टेप नटाच्या आट्यांवर गुंडाळणे निरुपयोगी असते, कारण तेथे पाणी अडवण्याचे काम आटे करत नाहीत. ही टेप रेडिएटरमध्ये बसणाऱ्या अर्धा इंची आट्यांच्या तुकड्यावर मात्र आवश्यक असते. ती आटे फिरण्याच्या दिशेने गुंडाळावी लागते. उलट गुंडाळल्यास तुकडा बसवताना ती उलगडते.

क्रोमचा मुलामा दिलेला पाईप दिसायला चांगला असतो, पण त्याचा पृष्ठभाग कठीण व गुळगुळीत असतो. दाबून बसवायच्या प्लॅस्टिक सांध्यांचे दात त्यावर रुतत नाहीत आणि दाबसांध्याचे कडेही घसरू शकते. त्यामुळे सांध्याच्या जागेपुरता मुलामा खरवडून काढतात.

=== डागाचे व झाकलेले सांधे ===

डाग देताना वापरलेला फ्लक्स आम्लधर्मी असतो. सांधा थंड झाल्यावर तो पुसला नाही, तर तांब्यावर हिरवट थर चढतो आणि पाईप हळूहळू खाल्ला जातो. पाईपाच्या आत राहिलेला फ्लक्स मंडल धुतल्यानेच निघतो. झडप बसवलेली असताना तिच्याजवळ ज्योत वापरल्यास आतील रबरी भाग वितळतात, म्हणून डागाचे काम झडप जोडण्यापूर्वी केले जाते.

फरश्यांमागे झाकल्या जाणाऱ्या भागात दाबसांधा ठेवणे धोक्याचे असते. असा सांधा वर्षानुवर्षांच्या तापण्या-थंडावण्याने सैल होऊ शकतो आणि गळती भिंत ओली झाल्यावरच कळते. सिमेंट किंवा गिलाव्यात पुरलेल्या तांब्याच्या पाईपावर आवरण घालावे लागते. त्यामुळे सिमेंटपासून संरक्षण मिळते आणि पाईपाला प्रसरणासाठी जागाही राहते.

== झडपांच्या चुका ==

टॉवेल रेडिएटरला दोन झडपा असतात. एक रोज वापरायची असते. ती हाताने फिरवायची किंवा तापमानानुसार आपोआप उघडझाप करणारी असते. दुसरी टोपीखाली झाकलेली समतोल झडप असून ती पान्यानेच फिरवता येते. ब्रिटिश कारागीर तिला लॉकशील्ड म्हणतात.

स्वयंचलित झडपेच्या डोक्यात हवेच्या तापमानानुसार प्रसरण पावणारा द्रव किंवा मेण असते. हे डोके टॉवेलाखाली झाकले गेले किंवा गरम पाईपाच्या अगदी वर उभे बसवले, तर त्याला खोली प्रत्यक्षापेक्षा उबदार वाटते आणि झडप लवकर बंद होते. डोके आडवे ठेवल्यास ते अधिक अचूक चालते. काही स्वयंचलित झडपा एकाच दिशेच्या प्रवाहासाठी बनवलेल्या असतात. त्या उलट बसवल्यास बंद होताना पाईपांत ठोके बसल्यासारखा आवाज येतो. झडपेवरील बाण पाहिला तर ही चूक टळते.

घरातील सर्व रेडिएटरना स्वयंचलित झडपा असतील आणि सगळ्या एकाच वेळी बंद झाल्या, तर पंपाला पाणी ढकलायला मार्ग उरत नाही. जुन्या व्यवस्थांत यासाठी एक रेडिएटर, बहुधा स्नानगृहातील टॉवेल रेडिएटर, स्वयंचलित झडपेविना उघडा ठेवलेला असतो. नूतनीकरणाच्या वेळी हे लक्षात न घेता त्यावर अशी झडप बसवल्यास बॉयलर वारंवार बंद-चालू होतो. अशा घरात स्वतंत्र स्वयंचलित वळणझडप आहे का, हे आधी तपासावे लागते.

=== घन इंधनाचा बॉयलर ===

कोळसा किंवा लाकूड जाळणाऱ्या बॉयलरच्या बाबतीत हीच चूक अधिक गंभीर ठरते. वायूवरील बॉयलरची ज्योत क्षणात विझवता येते. पेटलेला कोळसा विझवता येत नाही. वीज गेली आणि पंप थांबला, तरी आग उष्णता देतच राहते. ही उष्णता वाहून नेण्यासाठी केवळ गरम पाणी हलके होऊन वर चढण्याच्या तत्त्वावर चालणारे एक मंडल ठेवतात आणि त्यावर एक रेडिएटर कायम उघडा असतो. बॉयलरपेक्षा उंचावर असल्याने वरच्या मजल्यावरील स्नानगृहाचा टॉवेल रेडिएटर या कामी अनेकदा वापरला जातो. त्यावर बंद करता येणारी झडप बसवणे म्हणजे सुरक्षेचा मार्गच बंद करणे होय. अशा मंडलात बॉयलरमधील पाणी उकळून वाफेचा धोकादायक दाब निर्माण होऊ शकतो. जुना रेडिएटर बदलताना त्याला झडपा का नव्हत्या, हा प्रश्न न विचारणे हे या चुकीचे मूळ असते.

== दुहेरी ऊर्जेच्या जोडणीतील चुका ==

दुहेरी ऊर्जेच्या उपकरणात खालच्या एका जोडछिद्रातून विद्युत तापक वरच्या दिशेने बसवला जातो. त्याच छिद्रातून पाण्याचाही मार्ग राहावा म्हणून टी-आकाराचा जोडतुकडा लागतो. तापक आडवा किंवा वरून खाली बसवल्यास त्याचा काही भाग हवेत राहून जळू शकतो. पाणी न भरता तापक केवळ तपासण्यासाठी क्षणभर चालू करणेही त्याला निकामी करण्यास पुरेसे असते.

सर्वांत धोकादायक चूक म्हणजे तापक चालू असताना दोन्ही झडपा बंद ठेवणे. पाणी १० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान सुमारे १.७ टक्क्यांनी वाढते. ६ लिटर पाण्यासाठी ही वाढ सुमारे १०० मिलिलिटर होते. पाणी जवळजवळ दाबले जात नसल्याने आणि पोलादी नळ्या तेवढ्या ताणल्या जात नसल्याने आतील दाब झपाट्याने वाढतो व सांधा फुटू शकतो. म्हणून उन्हाळ्यात विजेवर वापरताना एक झडप बंद करून दुसरी, सामान्यतः समतोल झडप, उघडी ठेवतात. एक झडप बंद असल्यामुळे गरम पाणी इतर रेडिएटरकडे फिरत नाही आणि दुसरी उघडी असल्यामुळे वाढलेल्या पाण्याला मंडलातील प्रसरण टाकीकडे जाता येते.

पाण्याच्या मंडलाशी न जोडलेला, स्वतः द्रव भरून बंद केलेला विद्युत रेडिएटर काठोकाठ भरणे हीही याच स्वरूपाची चूक होय. तेथे वरच्या भागात हवेची जागा राखली जाते. ही हवा दाबली जाऊन प्रसरण सामावून घेते.

== विद्युत सुरक्षेतील चुका ==

ओल्या त्वचेचा विद्युतरोध कमी असतो आणि स्नानगृहात माणूस जमिनीशी व धातूच्या वस्तूंशी थेट संपर्कात असतो. त्यामुळे एरवी सौम्य वाटणारा धक्काही तेथे प्राणघातक ठरू शकतो. ब्रिटनमधील बीएस ७६७१ या विद्युतजोडणीच्या मानकात स्नानगृहाचे विभाग पाडले आहेत. टब किंवा शॉवरच्या तबकाचा आतला भाग हा विभाग ०. त्याच्या वर जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंतचा भाग हा विभाग १. आणि त्याच्या बाजूचा ०.६ मीटर रुंदीचा पट्टा हा विभाग २ होय. विभाग १ व २ मध्ये बसवायचे उपकरण किमान आयपीएक्स४ दर्जाचे, म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून सुरक्षित असावे लागते.

टॉवेल हाताशी असावा म्हणून उपकरण टबाला चिकटून बसवायचे आणि त्याच्या तापकाचा दर्जा पाहायचा नाही, ही वारंवार होणारी चूक आहे. तापकाची वायर बाहेर नेऊन साध्या प्लगला जोडणे हीही तशीच चूक. तापकाला योग्य क्षमतेचा फ्यूज असलेली कायमची जोडणी द्यावी आणि तिचे बटण विभागांच्या बाहेर असावे, अशी पद्धत आहे. स्नानगृहातील मंडलांना ३० मिलिअँपिअरवर खंडित होणारे आरसीडी संरक्षण आवश्यक असते. हे संरक्षक उपकरण जाणाऱ्या व परत येणाऱ्या विद्युतप्रवाहातील फरक ओळखून पुरवठा तोडते.

जुन्या घरांत रेडिएटर, पाण्याचे पाईप आणि अर्थ यांना जोडणारी हिरवी-पिवळी तार असते. तिच्यामुळे स्नानगृहातील सर्व धातूचे भाग जवळजवळ एकाच विद्युतदाबावर राहतात. ठरावीक अटी पूर्ण होत असल्यास ही पूरक जोडणी वगळण्याची मुभा या मानकाच्या २००८ मधील सतराव्या आवृत्तीपासून आहे. त्या अटी तपासल्याशिवाय, केवळ वाईट दिसते म्हणून तार कापून टाकणे धोकादायक असते. इंग्लंड व वेल्समध्ये घरगुती विद्युतकामाला बांधकाम नियमावलीचा भाग पी १ जानेवारी २००५ पासून लागू झाला. त्यामुळे स्नानगृहातील विद्युतकाम नोंदणीकृत कारागिराकडून करून घेणे किंवा त्याची स्थानिक प्राधिकरणाला सूचना देणे हे सर्वसाधारणपणे आवश्यक असते.

== भिंत व उंची ==

पाण्याने भरलेले उपकरण आणि त्यावरील ओले टॉवेल यांचे वजन बरेच होते. मुले दांडीला लोंबकळण्याची शक्यताही धरावी लागते. पोकळ जिप्सम फलकाच्या भिंतीत साध्या खुंट्या पुरत नाहीत. आत लाकडी आधार किंवा पोकळ भिंतीसाठीच्या खास खुंट्या लागतात. भिंत पोखरण्यापूर्वी आतील वायर व पाईप शोधक यंत्राने तपासले नाहीत, तर नव्या कामातच जुना पाईप फुटू शकतो.

लहान मुलांना चटका बसू नये म्हणून विद्युततापित दांड्यांच्या सूचनांत सर्वांत खालची तापती नळी जमिनीपासून किमान ६०० मिलिमीटर उंच ठेवण्यास सांगितलेले असते. केवळ दिसण्याच्या सोयीसाठी उपकरण खाली आणताना ही सूचना दुर्लक्षिली जाते.

== पाणी भरणे, हवा काढणे व समतोल ==

काम पूर्ण झाल्यावर मंडल हळूहळू भरावे लागते. शिडीसारख्या रचनेत हवा वरच्या नळ्यांमध्ये साठते. खालच्या नळ्या गरम आणि वरच्या गार असल्यास हवा अडकली आहे असे समजावे. वरच्या टोकाच्या छोट्या झडपेतून हवा काढल्यावर मंडलातील दाब उतरतो. तो पुन्हा भरून न काढल्यास बॉयलर चालू होत नाही. ब्रिटनमधील बंद दाबाच्या व्यवस्थेत थंड असताना साधारण १ ते १.५ बार दाब ठेवतात. पाणी भरण्याची तात्पुरती नळी नंतर न काढणे ही आणखी एक चूक. तिच्या झडपेतून झिरपा राहिल्यास दाब वाढत जातो आणि मंडलातील रसायनयुक्त पाणी पिण्याच्या पाण्याकडे उलटे जाण्याची शक्यताही निर्माण होते.

नवीन रेडिएटर जोडला की साऱ्या घरातील प्रवाहाचे वाटप बदलते. पाणी कमी अडथळ्याच्या मार्गाने जाते, त्यामुळे बॉयलरजवळचे रेडिएटर चटकन तापतात आणि दूरचे गार राहतात. समतोल झडपा थोड्याथोड्या फिरवून हे वाटप पुन्हा बसवावे लागते. दूरचा टॉवेल रेडिएटर तापत नाही म्हणून पंपाचा वेग वाढवणे हा चुकीचा उपाय आहे. त्याने आवाज वाढतो, पण असमतोल तसाच राहतो.

== लक्षणे व संभाव्य कारणे ==

* वरचा भाग गार, खालचा गरम: हवा अडकली आहे.
* खालचा मधला भाग गार, वरचा गरम: तळाशी गाळ साठला आहे.
* संपूर्ण उपकरण कोमट: समतोल बिघडला आहे, पाईप अरुंद आहे किंवा उपकरण कमी तापमानाच्या मंडलाला जोडले आहे.
* नळाला तांबूस पाणी: साध्या पोलादाचे उपकरण खुल्या मंडलाला जोडले आहे.
* हवा वारंवार काढावी लागणे: बाहेरून हवा आत येते आहे किंवा गंजण्याच्या क्रियेत हायड्रोजन तयार होत आहे.
* झडप बंद होताना ठोके: प्रवाहाची दिशा उलटी आहे.
* दाब सतत उतरणे: झाकलेला सांधा पाझरत आहे किंवा प्रसरण टाकी निकामी झाली आहे.

== रशियातील जोडणी ==

रशिया व पूर्वीच्या सोव्हिएत संघातील बहुमजली इमारतींत टॉवेल रेडिएटर बहुधा वापराच्या गरम पाण्याच्या उभ्या पाईपावर असतो. हे पाणी साऱ्या मजल्यांतून फिरत असल्याने उन्हाळ्यातही टॉवेल वाळतात. मात्र हे खुले मंडल असल्यामुळे तेथे साध्या पोलादाची आयात उपकरणे टिकत नाहीत. स्टेनलेस स्टील किंवा पितळ वापरले जाते.

येथील मुख्य चूक वळणमार्गाशी संबंधित आहे. रेडिएटरच्या आधी व नंतर झडपा बसवल्यास त्यांच्या मागे, उभ्या पाईपाच्या सरळ रेषेत, पाणी पुढे जाण्यासाठी कायम मोकळा वळणमार्ग ठेवावा लागतो. आपले उपकरण अधिक तापावे म्हणून त्या वळणमार्गावरच तोटी बसवून ती बंद केली, तर संपूर्ण उभ्या पाईपातील पाण्याचे फिरणे मंदावते किंवा थांबते आणि वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना गरम पाणी मिळेनासे होते. उभ्या पाईपाच्या जागी कमी व्यासाचा तुकडा घातल्यानेही हाच परिणाम होतो. तेथील उभा पाईप ही इमारतीची सामाईक मालमत्ता असल्यामुळे असा बदल खासगी बाब राहत नाही.

== भारतातील संदर्भ ==

महाराष्ट्र व गोव्यातील घरांत बॉयलरवर चालणारी मध्यवर्ती तापनव्यवस्था सहसा नसते. पाणी स्नानगृहातील गीझरने किंवा छतावरील सौर बंबाने तापवले जाते. त्यामुळे येथे बसवायची तापती दांडी व्यवहारतः विद्युततापितच असते. साध्या पोलादाचा जलतापित रेडिएटर गीझर किंवा सौर बंबाच्या पाईपाला जोडल्यास ते खुले मंडल होते आणि वर सांगितलेली गंजण्याची अडचण येथेही उद्भवते. विद्युततापित दांडीसाठी पक्के अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचे आरसीडी संरक्षण आणि शॉवरपासून पुरेसे अंतर ही काळजी भारतातही तितकीच आवश्यक ठरते.